सॉफ्टवेअर घ्याच, पण आधी कपाट उघडा

प्रति,
मा. आयुक्त, मुख्य कार्यकारी अधिकारी, व्यवस्थापकीय संचालक
आणि खरेदी समित्यांचे सर्व सदस्य,
पुणे परिसरातील महापालिका, प्राधिकरणे, परिवहन संस्था व महामंडळे.

विषय : करार व्यवस्थापनाची संगणक प्रणाली खरेदी करण्याच्या नियोजनाबाबत.

स. न. वि. वि.

माझी सगळी नोकरी आधी निविदा शाखेत आणि मग लेखा विभागात झाली. आता निवृत्त आहे. जुने सहकारी भेटले की अलीकडे एक विषय हमखास निघतो : करार व्यवस्थापनाचं, म्हणजे ठेकेदारांशी झालेल्या करारांच्या तारखा, रकमा आणि अटींवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर घ्यायचं चाललंय. कुठे कंपन्यांची सादरीकरणं झाली आहेत, कुठे अंदाजपत्रकात तरतूद टाकली आहे, कुठे सल्लागार नेमायचा प्रस्ताव टेबलावर आहे. घेऊ नका असं सांगायला मी लिहीत नाहीये. घ्याच, मुळात उशीरच झालाय. माझी हरकत क्रमाला आहे. आधी कंपन्यांची माहितीपत्रकं मागवायची, त्यातली वैशिष्ट्यं उचलून निविदेचा मसुदा बनवायचा, आणि आपले करार नेमके किती, कुठे, कशा अवस्थेत आहेत हे सॉफ्टवेअर आल्यावर बघायचं, असं सगळीकडे चाललेलं दिसतं. हे उलटं आहे.

काही सादरीकरणांच्या प्रती मी वाचल्या. छापील नमुने छान आहेत. रंगीत वर्तुळं, कलमांचं ग्रंथालय, ‘एआय’ करार वाचून धोके सांगणार वगैरे. मी त्या सहकाऱ्यांना एकच प्रश्न विचारला : आजच्या तारखेला तुमच्याकडे चालू असलेले करार किती? उत्तर आलं, आयटीला विचारावं लागेल. आयटी विभाग लेखा विभागाकडे बोट दाखवतो, लेखा विभाग म्हणतो की सगळ्या खात्यांकडून माहिती मागवावी लागेल, आणि खात्यांना परिपत्रक गेलं की निम्म्यांचं उत्तर ‘निरंक’ येतं. जिथे हा आकडाच ठाऊक नाही, तिथे किती वापरकर्त्यांचे परवाने घ्यायचे, किती कागद स्कॅन करायचे, किती जणांना प्रशिक्षण द्यायचं, हे निविदेत लिहिणार कसं? मग शेजारच्या शहराची निविदा आणून त्यावर आपलं नाव घातलं जातं. एका कार्यालयाच्या अशाच एका निविदेत मधल्या एका पानावर दुसऱ्या शहराचं नाव तसंच राहिलं होतं आणि ते निविदापूर्व बैठकीत एका कंपनीच्या माणसाने हसत हसत दाखवून दिलं होतं.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपण निविदा प्रक्रिया सुधारली, हे मान्य करायलाच हवं. राज्याचं ई-निविदांचं महाटेंडर्स पोर्टल आहे, तांत्रिक माहिती आणि दर यांचे दोन वेगळे लिफाफे आहेत, डिजिटल स्वाक्षरी आहे. २०१६ पासून जेम हे केंद्राचं सरकारी खरेदीचं पोर्टल आहे. त्याच वर्षी १ डिसेंबरला उद्योग विभागाने खरेदीची नियमपुस्तिका काढली. निविदा कधी उघडली, कोण हजर होतं, दर काय आले, सगळं मिनिटामिनिटाच्या नोंदीसह मिळतं. पण हे सगळं कार्यादेशापर्यंत. कार्यादेश निघाला, मुद्रांकावर करारनामा झाला, शिवण घालून लाखेचा शिक्का बसला, की तो करार कपाटात जातो. लग्नाला शंभर माणसं राबतात आणि संसाराचं कोणी विचारत नाही, तशी गत. पाच वर्षांच्या देखभाल करारातले पहिले तीन-चार महिने निविदेचे आणि उरलेली सारी वर्षं कपाटातली. पैसा मात्र त्या उरलेल्या वर्षांतच जातो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की प्रणाली कार्यादेशानंतरच्या काळासाठी घ्या, आणि तिची निविदा कपाटातल्या कागदांवरून लिहा.

कपाटात काय असतं ते सांगतो. बँक हमीपासून, म्हणजे ठेकेदाराने काम बुडवलं तर कार्यालयाला पैसे देण्याच्या बँकेच्या लेखी हमीपासून सुरुवात करू, कारण कार्यालयाचा खरा हात तिथे अडकलेला असतो. लेखा विभागात एक लांबट नोंदवही असते. रकाने साधे : ठेकेदाराचं नाव, कामाचं नाव, बँक आणि शाखा, हमीचा क्रमांक, रक्कम, मुदत, दावा करण्याची शेवटची तारीख, शेरा. आमच्याकडे मुदतीचा रकाना पेन्सिलने भरायची पद्धत होती, कारण ती तारीख बदलणार हे सर्वांनाच माहीत असायचं. कामाला मुदतवाढ मिळाली की हमीचीही मुदत वाढवून घ्यायची असते. केंद्राच्या वित्तीय नियमांत तर स्पष्ट आहे की कराराच्या सगळ्या जबाबदाऱ्या संपल्यावर आणखी ६० दिवस ही हमी जिवंत असली पाहिजे. प्रत्यक्षात काय होतं? मुदतवाढीची टिपणी अभियांत्रिकी विभागातून वर जाते, मंजूर होऊन खाली येते, ठेकेदाराला पत्र जातं, आणि लेखा विभागाला प्रत द्यायची राहते. इकडे पेन्सिलीतली तारीख निघून जाते. हमी संपल्यानंतर बँकेला पाठवलेल्या पत्राला बँकेचं उत्तर दोन ओळींचं असतं, आणि ते वाचून फार तर धडा घेता येतो, पैसे येत नाहीत.

हमी सांभाळणारा कारकून हुशार असेल तर तो महिन्याच्या एक तारखेला पुढच्या दोन महिन्यांच्या तारखा वेगळ्या कागदावर उतरवून काढतो आणि स्वतः खात्यांमध्ये फिरतो. त्याची बदली झाली की तो कागदही बंद होतो. तुमच्या नव्या सॉफ्टवेअरने पहिल्या दिवशी एवढं एकच काम केलं, म्हणजे मुदतवाढीच्या मंजुरीला हमीची तारीख बांधली आणि हमी वाढल्याशिवाय पुढचं बिलच निघू दिलं नाही, तरी बाकीची रंगीत वर्तुळं नसली तरी चालतील. २०२२ पासून ‘नेसल’ (नॅशनल ई-गव्हर्नन्स सर्व्हिसेस) या संस्थेमार्फत इलेक्ट्रॉनिक बँक हमीची सोय झाली आहे. कागदी हमी खरी की खोटी हे विचारायला बँकेच्या शाखेला पत्र लिहून महिनाभर वाट बघण्याची गरज त्यात उरत नाही. निविदेत त्या सोयीशी जोडणी मागितली आहे का, एवढं तपासा.

दुसरी गोष्ट रस्त्यांची. जुलै उजाडला की पुण्यात रस्ता विरुद्ध पाऊस हा सामना सुरू होतो आणि प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात एकच प्रश्न फिरतो : हा रस्ता डीएलपीत आहे का? डीएलपी म्हणजे दोष दायित्व कालावधी. तो चालू असेल तर खड्डा ठेकेदाराने स्वखर्चाने बुजवायचा. पण तो कालावधी कधी सुरू झाला? कार्यादेशापासून नव्हे, काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यापासून. तो दाखला मुख्य खात्याच्या फायलीत. काम करून घेणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याची बदली झालेली. फाईल लेखापरीक्षेला गेलेली. तोवर नगरसेवकाचा फोन, मग माध्यमांतला फोटो, मग कार्यालयाच्या खर्चाने खडी-डांबर. हे एकदा झालं की ठेकेदार म्हणतो, तुम्हीच माझ्या रस्त्याला हात लावलात, आता माझी जबाबदारी संपली. मध्ये एखाद्या केबलवाल्याने किंवा पाण्याच्या वाहिनीसाठी तोच रस्ता खोदलेला असेल तर भांडण आणखी पक्कं. खोदाईची परवानगी एका खात्यातून, रस्त्याचा करार दुसऱ्यातून. दोघांच्या तारखा एका पडद्यावर दिसल्या तर निम्मी भांडणं जागच्या जागी मिटतील. कुठल्याही माहितीपत्रकात मला ‘खोदाई’ हा शब्द दिसला नाही. दिसणारही नाही, कारण ती उत्पादनं खासगी कंपन्यांच्या कायदा विभागांसाठी बनलेली असतात. आपली गरज आपणच लिहायला हवी.

बी-१ या राज्यातल्या बांधकामांच्या ठरीव नमुन्याच्या करारातलं कलम ३८ घ्या. एखाद्या बाबीचं परिमाण निविदेपेक्षा २५ टक्क्यांहून जास्त वाढलं की त्या वाढीव भागाच्या दराचा प्रश्न उभा राहतो. अभियंत्याला हे पाठ असतं, पण ते कळतं कधी? अंतिम देयक तयार करताना. दर चालू देयकाच्या वेळी मोजमाप पुस्तकातला आकडा निविदेतल्या परिमाणाशी ताडून बघणारी प्रणाली २० टक्क्यांवरच शिट्टी वाजवील. मग मंजुरी आधी घेता येते. काम होऊन गेल्यावर ‘कार्योत्तर मंजुरीस्तव सादर’ लिहायची वेळ येत नाही.

सफाई आणि सुरक्षेच्या करारांत तर सगळ्यात मोठा कागदी खेळ असतो. दरमहा देयकासोबत भविष्य निर्वाह निधीचं आणि ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) चलन जोडायचं. कारकून चलन आहे की नाही ते बघतो, रक्कम बघतो, टाचणी मारतो. चलनासोबतच्या यादीतली नावं हजेरीपटावरच्या माणसांचीच आहेत का, हे बघायला त्याच्याकडे ना वेळ ना साधन. कामगाराने तीन वर्षांनी खात्यावर किती जमा झालं ते पाहिलं की मोर्चा मुख्य इमारतीच्या दारात येतो. दोन याद्यांतली नावं जुळवणं हे संगणकाचं काम आहे, आणि ‘एआय’ शिवायही होतं.

तशीच लघुउद्योगांच्या देयकांची गोष्ट. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. माल स्वीकारल्याची तारीख कुठे नोंदवली जाते? बऱ्याचदा भांडारपालाच्या वहीत. देयकाची आवक होते वेगळ्या टेबलावर. पंचेचाळीस दिवस मोजायचे कुठून, यावरच पुढे वाद रंगतो.

परदेशातही हे प्रकार होतात, म्हणून एक दाखला देतो. ब्रिटनमध्ये २०१३ साली उघड झालं की गुन्हेगारांच्या घोट्याला बांधायच्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्यांचं काम ज्या दोन बड्या कंपन्यांकडे होतं, त्या अशा माणसांचीही बिलं सरकारला लावत होत्या, जी परत तुरुंगात गेली होती, देश सोडून गेली होती किंवा चक्क वारली होती. सर्कोने ६.८५ कोटी आणि जीफोरएसने १०.८९ कोटी पौंड परत केले. करार कागदावर होताच. दर महिन्याच्या बिलातली नावं कुणी पडताळत नव्हतं.

तर आता नियोजनाकडे. पहिलं काम यादी. त्यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही, एक साधी एक्सेलची शीट आणि दोन-तीन महिने लागतात. करार म्हणजे केवळ रस्ता आणि गटार नव्हे हे यादी करताना लक्षात ठेवा. उद्यानांची देखभाल, औषधपुरवठा, भाड्याच्या बस, वाहनतळ, जाहिरात फलक, सल्लागार, झेरॉक्स मशीनची वार्षिक देखभाल, संस्थांशी केलेले सामंजस्य करार, भाडेपट्ट्याने दिलेल्या मिळकती, सगळं आलं. ज्यात आपण पैसे देतो त्या करारांची निदान देयकं तरी येतात म्हणून आठवण राहते. ज्यात आपल्याला पैसे यायचे असतात ते करार सगळ्यात जास्त विसरले जातात. ‘दर तीन वर्षांनी भाड्यात वाढ’ असं कलम असलेला गाळा दहा वर्षं मूळ भाड्यावर चाललेला सापडला, तर मला नवल वाटणार नाही.

मुदत संपण्याची आगाऊ सूचना ही तर पुण्याला वेगळी समजावून सांगायला नको. घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेशी महापालिकेचा करार २००८ मध्ये झाला. त्यानंतर करार संपणं, मुदतवाढ, पुन्हा करार, पुन्हा मुदतवाढ हे चक्र शहराने बघितलं आहे. हजारो कचरावेचकांची रोजीरोटी आणि लाखो घरांचा कचरा ज्या कागदावर अवलंबून आहे, त्याची मुदत संपण्याआधी सहा-आठ महिने निर्णयाची फाईल हलली पाहिजे. धोरण काय असावं हा लोकप्रतिनिधींचा प्रश्न. तारीख जवळ आली हे वेळेत सांगणं हा कार्यालयाचा.

दुसरं, समितीवर कोण बसणार. आज आयटी विभागप्रमुख, मुख्य लेखाधिकारी, विधी सल्लागार, एखादा बाहेरचा तज्ज्ञ असे सदस्य असतात. सगळे हवेतच. पण हमीची नोंदवही ठेवणारा कारकून, क्षेत्रीय कार्यालयातला एक कनिष्ठ अभियंता आणि भांडारपाल या तिघांना मतासकट बसवा. सह्या वरचे करतात, नोंदी हे करतात. यांना पटली नाही ती प्रणाली सहा महिन्यांत ओस पडते आणि एक्सेल पुन्हा सुरू होतं.

तिसरं, प्रात्यक्षिक. कंपनी स्वतःचे नमुना करार घेऊन येते आणि अर्थातच सगळं सुरेख चालतं. तसं करू देऊ नका. तुमच्या कपाटातले पन्नास करार निवडा : दहा स्वच्छ टंकलेले, दहा फिकट झेरॉक्स, दहा शिक्क्यांनी आणि समासातल्या टिपणांनी भरलेले, काही मराठी, काही इंग्रजी, काही अर्धे-अर्धे. सर्व निविदाधारकांना तेच पन्नास द्या आणि त्यातून करार संपण्याची तारीख, हमीची रक्कम आणि दंडाचं कलम काढून दाखवायला सांगा. बरोबर किती, चूक किती, आणि चूक असताना प्रणालीने ‘मला खात्री नाही’ असं सांगितलं का, यावर गुण द्या. हा शेवटचा मुद्दा ‘एआय’ विकणाऱ्यांना विशेष विचारा. आत्मविश्वासाने चुकीची तारीख सांगणारं यंत्र माझ्या पेन्सिलीपेक्षा धोक्याचं आहे.

मराठीचा मुद्दा इथेच येतो आणि तो अस्मितेचा कमी, कामाचा जास्त आहे. २०२२ च्या महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरणे (राजभाषा) अधिनियमाने स्थानिक प्राधिकरणांनाही कामकाजात मराठी बंधनकारक आहे, म्हणजे टिपण्या, ठराव, पत्रव्यवहार मराठीतच राहणार. दहा-वीस वर्षांपूर्वीच्या आपल्या संगणकावरच्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या लिपीसंकेतात नाहीत. त्या काळच्या फाँटमध्ये टंकलेला ठराव आज उघडला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. त्याचं रूपांतर कोण करणार, दर पानाला काय, हे निविदेत लिहा. ज्या शहरात सीडॅक या केंद्राच्या संगणक संशोधन संस्थेचं मुख्यालय आहे, तिथे हे करणारी माणसं शोधायला लांब जावं लागू नये. शिवाय शोध. ‘रस्ता’ टाकल्यावर ‘रस्त्याचे डांबरीकरण’ सापडलं पाहिजे. अनेक नामांकित प्रणालींना ते जमत नाही, कारण विभक्ती लागली की त्यांच्या दृष्टीने तो वेगळाच शब्द होतो. ठेकेदाराचं नाव एका करारात ‘इन्फ्रास्ट्रक्चर’ आणि दुसऱ्यात ‘इन्फ्रास्ट्रक्चर्स’ असलं तर तो एकच माणूस आहे हे ओळखायला पॅन किंवा जीएसटी क्रमांक हीच चावी ठेवा.

किमतीबाबत. सर्वात कमी दर म्हणजे एल-१ हा आपला हातचा नियम आहे. सफरचंदं घेताना तो ठीक, प्रणाली घेताना घातक. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांमध्ये कामं आणि सेवांसाठीही गुणवत्तेला जास्तीत जास्त ३० टक्के भार देऊन निवड करायची वाट खुली केली. राज्याच्या नियमांत हे कसं बसवायचं यावर लेखी अभिप्राय आधी घ्या, म्हणजे पुढे लेखापरीक्षेत अडकायला नको. तो ३० टक्क्यांचा भार वर सांगितलेल्या पन्नास करारांच्या परीक्षेला द्या. कंपनीची उलाढाल, प्रमाणपत्रं आणि चकचकीत सादरीकरण यांना देऊ नका. उलाढालीची अट फार वर नेली की बाणेर-हिंजवडीतल्या चांगल्या छोट्या कंपन्या दारातच अडतात आणि दोन-तीन मोठी नावं आपसांत खेळतात, हे सर्वांना ठाऊक आहे.

परवान्याचा दर ‘प्रति वापरकर्ता’ असेल तर सावध. पैसे वाचवायला कार्यालय वीस-पंचवीस परवाने घेतं, ते वरिष्ठांना वाटले जातात, आणि ज्याला रोज नोंदी करायच्या आहेत तो साहेबांच्या पासवर्डने आत शिरतो. संगणकाच्या पडद्याच्या कडेला चिकटवलेली पिवळी चिठ्ठी, त्यावर पासवर्ड, हे दृश्य मी सगळीकडे पाहिलं आहे. मग कोणती नोंद कोणी बदलली याचा पुरावाच राहत नाही, आणि जिच्यासाठी प्रणाली घेतली ती पारदर्शकता पहिल्याच महिन्यात संपते. संपूर्ण संस्थेसाठी एकच दर मागा. तुलना करताना पहिल्या वर्षाची किंमत बघू नका. पाच वर्षांचा परवाना, देखभाल, जुन्या कागदांची भरती, प्रशिक्षण, ई-ऑफिस आणि लेखा प्रणालीशी जोडणी, वर १८ टक्के जीएसटी, असं सगळं मिळून बघा. महापालिकांमध्ये एका वर्षापलीकडचं दायित्व म्हणजे महापालिका अधिनियमाच्या कलम ७२ ब चा प्रस्ताव आलाच. तो निविदेसोबत तयार ठेवा. दुसऱ्या वर्षी तरतूद नाही म्हणून देखभाल थांबलेल्या प्रणाली कमी नाहीत.

निघण्याची वाट हा विषय बहुतेक निविदांत शेवटच्या पानावर एका वाक्यात उरकतात. माझ्या मते तो पहिल्या पानावर हवा. हिंजवडी ते शिवाजीनगर या २३.३ किलोमीटर मेट्रो मार्गाचा सवलत करार (खासगी कंपनीला मार्ग बांधून चालवायला देण्याचा) ३५ वर्षांचा आहे. तुम्ही घेणार असलेलं सॉफ्टवेअर ३५ वर्षं टिकेल असं कोणीही शपथेवर सांगणार नाही. म्हणजे करार प्रणालीपेक्षा जास्त जगणार आहेत आणि दर आठ-दहा वर्षांनी सगळं घर बदलावं लागणार आहे. माहिती बाहेर काढायला कंपनी पैसे मागू शकणार नाही, ती खुल्या स्वरूपात मिळेल, आणि दर तिमाहीला एक संपूर्ण प्रत कार्यालयाला मिळून ती दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवली जाईल, असं लिहून घ्या. केंद्राचं खुल्या एपीआयचं (एका प्रणालीतली माहिती दुसरीला घेता यावी अशा जोडणीचं) धोरण २०१५ पासून आहे, त्याचा आधार घ्या. करारपत्रं ही सार्वजनिक अभिलेखं आहेत. ती कंपनीच्या ताब्यात अडकली तर जबाबदार अधिकारी तुम्ही आहात, कंपनी नव्हे.

सुरक्षेचं थोडक्यात सांगतो, कारण यावर सल्लागार भरपूर लिहितातच. केंद्राच्या यादीतलं क्लाउड, सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या यादीतल्या संस्थेकडून तपासणी, एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार प्रणालीच्या वापराच्या १८० दिवसांच्या नोंदी जपणं आणि घटना घडल्यास सहा तासांत कळवणं, एवढं तरी हवं. करारांसोबत हजारो कंत्राटी कामगारांचे आधार, बँक खाती, भविष्य निधी क्रमांक येतात, तेव्हा २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचीही आठवण ठेवा.

नागरिकांना काय दिसणार हे मात्र आजच ठरवा. पुण्यातल्या शासकीय कार्यालयांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत कागदपत्रं बघू देण्याची पद्धत पडली. ती पुण्यानेच आधी सुरू केली आणि मग राज्यभर गेली, हा आपला मोठेपणा. पण त्या दोन तासांत माणूस यायचा, फाईल सापडायची नाही, पुढच्या सोमवारी या असं ऐकून जायचा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार बरंच काही आपणहून जाहीर करायचं असतंच. चालू करार, ठेकेदार, रक्कम, सुरू आणि संपण्याची तारीख, मुदतवाढी किती, दोष दायित्व कधीपर्यंत, एवढं पान सगळ्यांसाठी खुलं ठेवा. आपल्या सोसायटीसमोरचा रस्ता डीएलपीत आहे की नाही हे पुणेकराने मोबाइलवर बघितलं, तर तो तुमच्या अभियंत्याच्या आधी ठेकेदाराला फोन करील. पुणेकर ते करतोच.

पैसे देण्याचे टप्पेही वेगळे ठेवा. ‘प्रणाली कार्यान्वित’ झाल्याच्या दाखल्यावर मोठी रक्कम देण्याची प्रथा मोडा. निम्म्याहून अधिक रक्कम पडताळणी झालेल्या करारांच्या संख्येवर द्या, आणि पडताळणी लेखा विभागाने करायची, कंपनीने नव्हे. पहिल्या वर्षी एकच खातं घ्या, शक्यतो मध्यम आकाराचं. उद्यान किंवा भवन चालेल. सगळ्यात मोठ्या खात्यापासून सुरुवात केली तर गोंधळही तेवढाच मोठा होतो. शिवाय ही खरेदी फेब्रुवारी-मार्चमध्ये करू नका. तरतूद संपवायच्या घाईत घेतलेली प्रणाली जूनमध्ये खोक्यात पडलेली असते. एप्रिल ते जून यादी, पावसाळ्यात मसुदा आणि प्रात्यक्षिकं, दिवाळीनंतर निविदा हा क्रम आपल्या कामकाजाला मानवणारा आहे, आणि पावसाळ्यात कोणत्या रस्त्याचा करार सापडला नाही याचा ताजा अनुभवही मसुद्यात उतरेल.

प्रणालीचा मालक कोण, तेही आधी ठरवा. आयटी विभाग ती चालवील, पण करारांची जबाबदारी त्याची नाही. लेखा आणि विधी यांच्यामध्ये एक छोटा करार कक्ष हवा, त्यावर निदान तीन वर्षं न बदलणारा एक अधिकारी आणि दोन कारकून. वर्षाला दोन आयुक्त बघितलेल्या कार्यालयांना तीन वर्षांची मागणी जास्त वाटेल. वाटू द्या.

माझी विनंती अशी की प्रारूप निविदा निघण्याआधी पंधरा दिवस संकेतस्थळावर ठेवा आणि निविदापूर्व बैठकीला कंपन्यांइतक्याच क्षेत्रीय कार्यालयांच्या लिपिकांना बोलवा. मसुदा प्रसिद्ध झाला की माझ्या सूचना लेखी पाठवीन. यादीचा तक्ता कसा असावा, कोणते रकाने पहिल्या टप्प्यात घ्यावेत आणि कोणते सोडावेत, याचा एक कच्चा नमुना माझ्याकडे तयार आहे. मागाल त्या कार्यालयाला विनामूल्य देईन आणि हवं असल्यास दोन दिवस बसून पहिल्या शंभर करारांची भरती करूनही दाखवीन. त्यासाठी मानधनाची टिपणी चालवू नका, तिला मंजुरी मिळेपर्यंत पुढचं आर्थिक वर्ष उजाडेल.

कळावे,
आपला,
निविदा व लेखा शाखेतला एक निवृत्त कर्मचारी
कोथरूड, पुणे